ताट क्रमांक एक

१

“पहिला नंबर, ताट क्रमांक एक, हितेंद्र!” नानांनी माइकवर जाहीर केलं आणि आमच्या जळगाव ऑफिसच्या आवारात टाळ्यांऐवजी हशा पिकला.

कारण त्याच दमात नानांनी परीक्षकाचा शेराही वाचला होता. ‘टोमॅटोला हात न लावता केलेलं अस्सल भरीत.’ आता हितेंद्रच्या भरितात टोमॅटो होते, चांगले वाटीभर होते, आणि सकाळपासून सगळं ऑफिस त्याला त्यावरून पिडत होतं. खान्देशात राहून भरितात टोमॅटो घालतोस, तुला मुलगी कोण देणार, इथपर्यंत मजल गेली होती. बक्षिसाचं पितळी पातेलं घ्यायला तो उठला, दोन पावलं चालला आणि मध्येच थांबला. त्यालाही काही कळेना.

तेवढ्यात मागून चुडामण उभा राहिला. चुडामण म्हणजे आमच्या गोदामातल्या हमालांचा मुकादम. भडगावकडचा गडी, बोलायला लागला की पोती हलतात.

“नाना, ते भरीत मनं शे!” तो गरजला. “टोमॅटो मी टाकेल नही. इचारा कोनले बी!”

आमची कंपनी हिरवाकाठ बियाणे. मोठं ऑफिस जळगावला, धाकटं धुळ्याला. दर हिवाळ्यात आमचे मालक भाईदास नाना वडिलांच्या नावाने कामगारांची भरीत स्पर्धा घेतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि परीक्षकासमोर ताट ठेवायचं. ताटावर फक्त क्रमांक, नाव नाही. यंदा दोन्ही गावांची स्पर्धा पहिल्यांदाच एकत्र झाली होती. जळगावात चुडामण, नसीमभाई आणि हितेंद्र, धुळ्यात भिकन आणि सुपडू. दोन्हीकडे एकेक नावाजलेला आचारी चाखायला, आणि गुण मात्र कॉम्प्युटरवरच्या एकाच तक्त्यात. इथे आकडा टाकला की त्याच क्षणी तिथे दिसतो, तसला तक्ता.

नानांनी फोनवर तो तक्ता पुन्हा पाहिला. ताट क्रमांक एकसमोर हितेंद्रचंच नाव होतं. क्रमांक दोनसमोर सुपडूचं होतं, आणि ते वाचून जळगावचा आचारी चक्रावला. “दोन नंबरचं ताट मी इथं चाखलं,” तो म्हणाला. “सुपडू तर धुळ्याला आहे ना?”

“मनं नाव कोनी तरी खाले ढकलं,” चुडामण म्हणाला. “ते कोन, हाई जोवर समजत नही, तोवर मनी मानसं एक पोतं उचलतीन नही.”

उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्याच्या गाड्या फाटकाशी उभ्या होत्या. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“दिपमाला, तू चौकशी कर. उद्या संध्याकाळपर्यंत मला माणूस पाहिजे. नाहीतर तक्ता जिचा, तिने उद्यापासून घरी बसायचं.”

तक्ता सदफचा होता.

२

आधीच सांगून टाकते, मला ती पोरगी डोळ्यांसमोर नको असायची.

कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून मी ऑफिस सांभाळते. मालाची आवक, हजेरी, रजा, सगळ्या नोंदवह्या माझ्या हाताच्या. कारकून पोरींना मी घडवलं. पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे: पहिला रकाना अनुक्रमांकाचा, तो देवासारखा, त्याला हलवायचं नाही. नावं खालीवर होतील, माणसं येतील जातील, एक-दोन-तीन जागचं हलणार नाही. आणि मागच्या वर्षी ही सदफ आली, लॅपटॉप घेऊन. महिन्याभरात माझी कपाटं व्हरांड्यात गेली. पूर्वी नाना म्हणायचे, दिपमालाला विचारा. आता म्हणतात, सदफ, बघ जरा. तिला चहात साखर कमी लागते हेसुद्धा नानांना ठाऊक. मी कसा चहा पिते ते त्यांना अजून माहीत नसेल. मी जळायचे, सरळ जळायचे, आणि त्यात आडपडदा काय ठेवायचा?

त्यामुळे नानांनी तिचं नाव घेतलं तेव्हा माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. मी तोंड गंभीर केलं आणि तिच्या टेबलापाशी गेले.

“अक्का, मी काहीच लपवत नाही,” सदफ म्हणाली. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तक्त्यात कोणी काय बदललं त्याचा इतिहास राहतो. हा बघा.”

तिने जुनी प्रत काढली. सकाळी नावं बाराखडीप्रमाणे होती: चुडामण, नसीम, भिकन, सुपडू, हितेंद्र. डावीकडे ताट क्रमांक एक ते पाच. मग वांगी आगीवर असताना एक बदल झाला होता. नावांचा रकाना तेवढा उलटा झाला. वर हितेंद्र, मग सुपडू, भिकन, नसीम, तळाला चुडामण. ताट क्रमांक मात्र होते तिथेच. म्हणून चुडामणच्या ताटाला मिळालेले गुण हितेंद्रच्या नावावर पडले. भिकन तेवढा मधला असल्यामुळे मधेच राहिला, आणि त्याच्या भरिताला मिळालेले सगळ्यांत कमी गुण त्याचे त्यालाच लाभले.

“आणि हा बदल केला कोणी?” मी विचारलं.

सदफने पडद्यावर बोट ठेवलं. बदलासमोर तिचंच नाव होतं.

“मी नाही केलं,” ती म्हणाली.

“तेव्हा तू कुठे होतीस?”

“स्टोअरमध्ये. ताटांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावत होते.”

“सोबत कोण?”

“कोणी नाही. लॅपटॉप होता.”

मला वाटलं, झालं, चौकशी संपली. मी उठणार तेवढ्यात ती खाली मान घालून बोलली. “अक्का, अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करतात, तुम्हाला माहीत आहे. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं, नोकरी कशाला. अब्बांनी एकच वर्ष दिलं. या महिनाअखेर कायम झाले तर पुढे, नाहीतर निकाह. लबाडीचा ठपका घेऊन घरी गेले तर पुन्हा मला कोण विचारणार?”

तिचं वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटूनही मला बरंच वाटत होतं, हेही खरं.

३

फायदा कोणाचा झाला ते आधी बघावं, म्हणून मी हितेंद्रला गाठलं. तो विक्री विभागातला, बोलघेवडा, आणि शाळेपासून हजेरीत शेवटचा. त्याची तक्रारही तीच असायची की ‘ह’ म्हटलं की जेवणावळीतसुद्धा शेवटची पंगत वाट्याला येते.

“नाव वर गेलं ते तुझं,” मी म्हणाले.

“अक्का, तुमची शपथ. मला जिंकायचं असतं तर टोमॅटो घातले असते का?” त्याने आपले हात पुढे केले. अंघोळ करूनही नखांत काळं होतं. “वांगी आगीवर होती तेव्हा आम्ही तिघं काठ्यांनी वांगी परतत होतो. हात कोळशासारखे. नसीमभाईंनी तर माझ्या शर्टाला पुसले. कॉम्प्युटरला हात लावला असता तर काळं दिसलं नसतं?”

नसीमभाई आमची गाडी चालवतात, कमी बोलतात. त्यांनीही तेच सांगितलं. “कोणी जागचं हललं नाही, अक्का. हललं की वांगं करपतं.”

“धुळ्यातही तसंच असेल,” मी म्हणाले. म्हणजे पाचही स्पर्धक सुटले. काळ्या हातांनी कोणी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, कारण सदफचा लॅपटॉप मी स्वतः पाहिला होता, लख्ख होता.

हितेंद्र जाता जाता हसला. “तसं नाव वर दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. पण बघणार कुठे? आपला टीव्ही तर बंद होता.”

“बंद?”

“म्हणजे काय! दोन्हीकडे मोठ्या टीव्हीवर तक्ता दाखवायचं ठरलं होतं. पण आपल्याकडे मिरच्या वाटायला मिक्सर लागला, आणि प्लग एकच. टीव्हीची पिन सकाळीच काढली, ती दिवसभर कोणी लावली नाही. निकालसुद्धा नानांनी फोनवरच वाचला ना.”

मी जागच्या जागी उभी राहिले. टोमॅटोवाला बडबड्या पोरगा जे बोलून गेला ते माझ्या डोक्यात घोळायला लागलं. नावांची जागा बदलून मिळणार काय? गुण तेव्हा पडलेलेच नव्हते. कोणतं ताट जिंकणार हे देवालाही माहीत नव्हतं. मग ज्याने बदल केला त्याला बक्षीस हवं नव्हतं. त्याला फक्त पडद्यावरची नावं वेगळी दिसायला हवी होती. आणि पडदा चालू होता तो एकाच गावी.

मी नानांना सांगितलं, मला सकाळी धुळ्याला जायचंय.

४

धुळ्याच्या ऑफिसात मला माहेरासारखं वाटतं, कारण तिथली ऑपरेटर मोनाली ही माझी पोर. पोटची नव्हे, हाताखालची. लग्नाआधी ती जळगावला माझ्याजवळ शिकली. मग भिकनशी लग्न झालं आणि नवऱ्यापाठोपाठ धुळ्याला आली. भिकन तिथला गोदामपाल, आणि आमच्या चुडामणचा सख्खा चुलत भाऊ. तिने मला बघितलं आणि पाया पडली.

पण आधी मला भेटला स्वप्नील. तो नानांचा पुतण्या, धुळ्याच्या ऑफिसचा व्यवस्थापक. त्याने पायावर पाय टाकून ऐकून घेतलं.

“स्पष्ट बोलतो, अक्का. ती सदफ गेली तर मी पेढे वाटेन. काका तिचं एवढं कौतुक करतात, जसा काही मी इथे माशा मारतो.”

माझ्या मनातलं कोणी असं मोठ्याने बोललं की मला लाज वाटते. “मग नावं तूच उलटी केलीस?”

“मी केली असती तर अख्खी ओळ हलवली असती. नावासोबत क्रमांकही हलला असता, कोणाला पत्ता लागला नसता. एवढं तर येतं मला. शिवाय वांगी आगीवर असताना मी काकांना फोनवर व्हिडिओ दाखवत होतो. काकांनाच विचारा.”

नानांना विचारायची गरज नव्हती. ते मोबाइल डोळ्यांसमोर धरून ‘इकडे दाखव, तिकडे दाखव’ करत फिरत होते, ते मीच पाहिलं होतं.

बाहेर ओट्यावर भिकनची आई बेबाबाई तंबाखू मळत बसली होती. स्पर्धा बघायला म्हणून गावाहून आली, ती अजून धुळ्यातच होती. चुडामणची आई तो लहान असतानाच गेली, त्याला याच काकूने वाढवला. मी तिच्याशेजारी बसले आणि काल काय दिसलं ते विचारलं.

“बाई, सकायपाईन टीव्हीवर मना चुडामणनं नाव बठ्ठासना वर व्हतं,” ती म्हणाली. अभिमानाने तिचा ऊर भरून आला. “पहिला! मी येणारा-जाणारा बठ्ठासले दखाडं. सुनले बी सांगं, देख, चुडामण पहिला शे. तुना धनीमा शे का ती धमक? तो मजारमा लटकेल शे.”

“मावशी, चुडामण सगळ्यांच्या वर आणि भिकन मधे, ते बाराखडीने होतं. तेव्हा भरीत झालंच नव्हतं.”

“बाराखडी-फिराखडी माले काय समजस? वर तो वर,” ती म्हणाली. “मंग मी चहा पेवाले गऊ. ई दखस तं चुडामण खाले, बठ्ठासना खाले! सून मन्हाकडे दखी ऱ्हायंती.”

भिकन दाराशी उभा होता. त्याने ऐकलं आणि कसनुसं हसला. “अक्का, माझ्यावर संशय असेल तर सांगून टाका. पण मी मधला होतो आणि मधलाच राहिलो. माझा काय फायदा?”

त्याचे हात आगीवर होते हे मला माहीत होतं. तो आत गेला. मीही आत गेले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसले. तक्ता उघडला. कोपऱ्यात ज्याच्या खात्यावर मशीन चालू आहे त्याचं नाव दिसतं, असं सदफ म्हणाली होती.

कोपऱ्यात लिहिलं होतं: सदफ.

५

मी जळगावला फोन लावला.

“सदफ, इथल्या मशीनवर तुझं खातं उघडं आहे.”

ती कपाळावर हात मारल्यासारखी बोलली. “दिवाळीत मी तिथे तक्ता बसवायला आले होते ना! मोनालीताईंचं खातं तयार झालं नव्हतं, म्हणून माझंच उघडून दिलं. बंद करायचं राहून गेलं. अक्का, म्हणजे मी...”

“म्हणजे धुळ्यात जो जो या खुर्चीवर बसला, तो तो सदफ,” मी म्हणाले. “आता मला एक सांग, नावं उलटी करायची कशी? मला करून बघायचंय.”

तिने तक्त्याची वेगळी प्रत काढली आणि तिकडून उघडली. माझ्या पडद्यावर दोन रंगीत चौकटी लुकलुकायला लागल्या, दोन्हींवर सदफचंच नाव. एक ती जळगावात, एक मी धुळ्यात. विचित्र वाटलं. वर्षभर जिच्या नावाने बोटं मोडली, तिचंच नाव लावून मी बसले होते. मोनाली चहा घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहिली.

सदफ फोनवर सांगत गेली. रकाना निवडा, उजवी कळ दाबा, उलटा क्रम निवडा. मी नावांचा रकाना निवडला आणि कळ दाबली. नावं सरसर फिरली. वर हितेंद्र, तळाला चुडामण. जमलं म्हणून मी खूश झाले.

तेवढ्यात पडद्यावर सदफची चौकट सरकत माझ्या शेजारच्या रिकाम्या घरात आली आणि तिथे अक्षरं उमटली: ‘अक्का, ताट क्रमांक सोबत घ्यायचा राहिला.’

मी त्या ओळीकडे बघत राहिले. राहिला नव्हता. मी तो मुद्दाम सोडला होता. विचारही न करता सोडला होता, कारण पहिल्या रकान्याला हात लावायचा नाही हे माझ्या बोटांत भिनलेलं आहे. वर ‘ताट क्रमांक’ लिहिलंय हे मी वाचलंच नव्हतं. पहिला रकाना, एक-दोन-तीन, म्हणजे अनुक्रमांक. सदफ असं कधी करणार नाही. स्वप्नील करणार नाही, त्याने स्वतःच सांगितलं. ही चूक नोंदवहीवर वाढलेल्या कारकुनाची होती. आणि धुळ्याच्या ऑफिसात माझ्या नोंदवहीवर वाढलेली एकच मुलगी होती.

ती माझ्या मागे उभी होती. कपबशी खडखडली.

“दार लाव,” मी म्हणाले.

मोनालीने दार लावलं. तोंडातून शब्द फुटण्याआधीच तिचे डोळे भरले.

“सगळे विचारत होते की वर कोण गेलं,” मी सांगितलं. “त्यात हितेंद्र सापडतो, आणि तो माग खोटा. मी विचारलं, खाली कोण गेलं? असं का विचारलं, सांगू? मलासुद्धा वर्षभर कोणाची खुर्ची नको होती, मोनाली. मला फक्त ती सदफ खाली गेलेली बघायची होती. जळणाऱ्या माणसाची हीच खोड असते. तुझा नवरा मधलाच राहणार हे तुला दिसत होतं, तरी तू केलंस.”

“सासूबाई सकाळपासून ऐकवत होत्या,” ती हुंदका देत म्हणाली. “येईल त्याला हाताला धरून टीव्हीसमोर नेत होत्या. चुडामण पहिला, माझा भिकन बघा कुठे लटकला. अक्का, लग्न झाल्यापासून हेच. घर बांधलं चुडामणभाऊंनी आधी, गाडी घेतली त्यांनी आधी, पोरगा झाला त्यांना आधी. त्यांच्या बायकोला सणाला पहिली साडी, मला उरलेली. ते नाव तिथे वर दिसत होतं ना, मला सहनच झालं नाही. म्हटलं, घडीभर तरी खाली दिसू दे. नावंच तर हलवायची. गुण नंतर क्रमांकाने पडणार, पण मला वाटलं तो नुसता अनुक्रमांक. बक्षीस चुकेल, हे मनातसुद्धा नव्हतं.”

“निकालानंतर तर कळलं?”

“कळलं,” ती म्हणाली. “आणि सदफचं नाव पुढे आलं तेव्हा मी गप्प बसले.”

६

तिने माझे पाय धरले. “अक्का, माझं नाव घेऊ नका. सासूबाई जन्मभर बोलून दाखवतील. यांना भाऊबंदांत तोंड दाखवता येणार नाही. आणि सदफ काय, शिकलेली आहे, तिला दुसरीकडे मिळेल नोकरी. तुम्हालाही ती नकोच आहे ना?”

हे शेवटचं तिने बरोबर जागी मारलं. फोन अजून चालू होता, मी तो पदराखाली दाबून धरला. खरं सांगते, मी विचार केला. मला काही करायचंही नव्हतं, फक्त ‘सापडलं नाही’ एवढं म्हणायचं होतं. उद्यापासून नाना पुन्हा म्हणाले असते, दिपमालाला विचारा. माझी कपाटं व्हरांड्यातून आत आली असती. आणि एक पोरगी, जिला मी कधी बरं म्हटलं नाही, खाली मान घालून बापाच्या घरी गेली असती. तिने मघाशी माझी चूक दाखवली तीसुद्धा ‘अक्का’ म्हणून. तिची स्वतःची नोकरी टांगलेली होती आणि ती मला रकाने निवडायला शिकवत होती.

माझं काळीज एवढं मोठं नाही की मी तिच्यासाठी उदार व्हावं. पण चूक माझ्या शाळेतली होती. ती दुसरीच्या माथी मारून मी माझ्या कपाटांसमोर कशी बसणार होते?

“ऊठ,” मी मोनालीला म्हणाले. “मी तुझं नाव घेणार नाही. तूच घेणार आहेस.”

मी तिला खुर्चीवर बसवलं. तिने आधी सदफचं खातं बंद केलं आणि स्वतःचं उघडलं. सदफने जळगावहून खरा तक्ता तिच्यासाठी खुला केला. मी नानांना फोन करून तो समोर ठेवायला सांगितलं, आणि चुडामणलाही बोलवा म्हटलं. मग मोनालीने नावं पुन्हा सरळ केली. चुडामण वर, ताट क्रमांक एकसमोर. तक्त्याखाली तिने लिहिलं: ‘स्पर्धेच्या दिवशी नावं मी उलटी केली. चुडामणभाऊंचं नाव वर बघवलं नाही म्हणून केली. सदफचा यात काही संबंध नाही. मोनाली.’ एकेक अक्षर तिथे जळगावात उमटत होतं.

नाना बरंच बोलले. मोनालीला यंदा पगारवाढ नाही, पुढच्या वर्षी दोन्ही गावांचा एकत्र तक्ता नाही, वगैरे. ते थांबल्यावर चुडामणचा आवाज आला. मला वाटलं आता पोती हलणार.

“वहिनी,” तो म्हणाला, “माले सांगं असतं तं मीच मनं नाव काढी टाकतू. भिकनना वर मी कधी चढाव नही.” मग जरा थांबून, “काकूले मी समजाडसू. तुम्ही रडू नका.”

मोनाली त्यावर आणखीच रडली. गाड्या दुपारनंतर भरल्या. सदफने मला फोनवर ‘शुक्रिया, अक्का’ म्हटलं आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मी म्हणाले, “पुरे पुरे, खातं बंद करायला शीक आधी,” आणि फोन ठेवला.

महिनाअखेरीस नानांचा बोदवडच्या मळ्यावरून फोन आला. सदफला कायम केल्याचं पत्र तयार कर, मी इथून बघतो. मी तो कागद कॉम्प्युटरवर उघडला आणि लिहायला लागले. आता मलाही येतं तसं. पदाच्या जागी मी ‘संगणक सहायक’ लिहिलं. नानांनी तिकडे तोच कागद उघडला होता; त्यांची रेघ, म्हणजे कर्सर, लुकलुकत तिथे आली, तिने माझे शब्द एकेक अक्षर करून पुसले आणि ती लिहायला लागली. नाना एका बोटाने लिहितात, त्यामुळे मला सगळं सावकाश बघावं लागलं. ‘कार्यालय प्रमुख, जळगाव व धुळे.’

एवढं करून मला हेच? त्याखाली नानांनी आणखी एक ओळ लिहिली. ‘श्रीमती दिपमाला यांनी त्यांच्या हाताखाली काम पाहावे.’

नानांची रेघ सहीच्या जागेकडे निघाली. काचेपलीकडे सदफ कोणाला तरी काही समजावत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ‘हाताखाली’पाशी गेले. ती अर्धी ओळ मी पुसली आणि लिहिलं: ‘श्रीमती दिपमाला यांनी त्यांना कार्यालयाची रीत शिकवावी.’

नानांची रेघ परत वर आली. माझ्या ओळीच्या शेवटी येऊन थांबली आणि लुकलुकत राहिली, बराच वेळ. मी कळांवरून बोटं उचलली नाहीत.

मग ती खाली गेली आणि नानांनी आपलं नाव लिहिलं. मी पत्र छापलं आणि सदफला हाक मारली.